पिट्सबर्गचे कंदुकयुद्ध

परदेशच्या प्रवासाविषयी लिहावयाचे म्हणजे आधी विमानाचे, मग तेथील थंडीचे आणि मग पोळीभाजीच्या आठवणीने कासावीस झालेल्या जिवाचे वर्णन करावयाचे, असा एक शिरस्ता पडून गेला आहे. तो मोडून मी एकदम दोन पुतळ्यांपासून आरंभ करीत आहे, ह्याबद्दल वाचकांनी राग मानू नये. २०२३ सालच्या सप्टेंबरअखेर आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेतील पेनसिल्वेनिया प्रांतात, पिट्सबर्ग शहरी उतरलो, तेव्हा विमानतळाच्या आतच हे पुतळे दिसले. एक त्या राष्ट्राचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्याचा. तो ऐन तारुण्यात ह्याच मुलखात लढला होता, तेव्हा त्याचे तेथे उभे असणे यथायोग्यच. परंतु त्याच्या अगदी शेजारी दुसरा एक धिप्पाड पुरुष, कमरेत वाकून, जमिनीपासून वीतभर उंचीवर काहीतरी झेलीत असलेला! हा कोणत्या युद्धातील सेनापती, असे मी आमच्या दौहित्रास विचारले. तो बारा वर्षांचा. त्याने माझ्याकडे अशा मुद्रेने पाहिले की, आमच्याकडे एखाद्याने शिवछत्रपतींच्या पुतळ्याखाली उभे राहून "हा कोण?" असे विचारावे. "आजोबा, हा फ्रँको हॅरिस!"

हा हॅरिस म्हणजे तेथील 'स्टीलर्स' नामक संघाचा खेळाडू. २३ डिसेंबर १९७२ रोजी हरत आलेल्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी, कोणाच्या तरी अंगावर आपटून उडालेला चेंडू त्याने भूमीस टेकण्यापूर्वी उचलला आणि तो घेऊन धावत जाऊन सामना जिंकला. तो चेंडू आधी कोणाच्या अंगास लागला होता, प्रतिपक्षाच्या की स्वपक्षाच्या, ह्यावर त्या झेलाची वैधता अवलंबून होती. आणि तो वाद पन्नास वर्षांत मिटला नाही. तरी पुतळा उभा राहिला. विजयाची गोष्ट अशीच असते.

पिट्सबर्ग हे संगमावरचे नगर आहे. उत्तरेकडून अलेघेनी व दक्षिणेकडून मोनोंगहेला अशा दोन नद्या येतात आणि त्यांच्या मिलनातून ओहायो नावाची तिसरी मोठी नदी निघून ती पुढे मिसिसिपीस मिळावयास जाते. ज्यांनी कऱ्हाडचा प्रीतिसंगम पाहिला असेल त्यांना ह्या देखाव्याची कल्पना चटकन येईल. दक्षिणेकडील डोंगरावर चढण्यास १८७७ सालापासून दोरखंडाने ओढली जाणारी एक लहानशी गाडी आहे. तीत बसून आम्ही वर गेलो व कठड्याशी उभे राहिलो. खाली तिन्ही नद्या, त्यांवरील पिवळे पूल, टोकाशी उडणारे भव्य कारंजे, सारे चित्रासारखे दिसत होते. संस्कृताचा विद्यार्थी असल्यामुळे संगम दिसला की माझी दृष्टी आपोआप घाट आणि देऊळ शोधू लागते. देऊळ आहे, पण ते शहराबाहेर पेन हिल्स येथे. वेंकटेश्वराचे, १९७६ सालचे, अमेरिकेतील आपल्या जुन्या देवळांपैकी एक. संगमाच्या उत्तर काठावर, जेथे आपण घाट बांधला असता, तेथे त्या लोकांनी बांधले आहे एक प्रचंड क्रीडांगण, सुमारे अडुसष्ट हजार प्रेक्षक बसतील असे! पूर्वी त्याच परिसरात दुसरे क्रीडांगण होते. ते २००१ सालच्या फेब्रुवारीत सुरुंगाने पाडले आणि त्याच वर्षी हे नवे उघडले. त्याला आधी एका सुप्रसिद्ध टोमॅटो-चटणीवाल्यांचे नाव होते, २०२२ पासून एका विमा-कंपनीचे आहे. विम्याचे नाव किती समर्पक, हे मला पुढे कळले.

ह्या नगरीचे वैभव पोलादाचे. संघाचे नावही त्यावरूनच पडले आहे. १९८० च्या सुमारास एकामागून एक भट्ट्या विझू लागल्या, हजारो कुटुंबे देशोधडीस लागली. आणि नेमक्या त्याच्या आधीच्या सहा वर्षांत ह्या संघाने चार वेळा राष्ट्राचे अजिंक्यपद मिळविले. ज्याच्या हातचा रोजगार गेला त्याच्या हाती तेवढा पिवळा पंचा राहिला. हा पंचा सामन्याच्या वेळी सारे प्रेक्षक डोक्यावर गरगर फिरवितात. देवळातील प्रसादाच्या रांगेतही काळा-पिवळा सदरा घातलेले दोघे-तिघे मी पाहिले.

आमच्या कन्येचा शेजारी असाच एक जुना पोलाद-कामगार, वय पंचाहत्तरीच्या पलीकडचे, विधुर, अत्यंत अगत्यशील. मी शिक्षक होतो असे कळताच तो मला 'प्रोफेसर' म्हणू लागला. मी साधा मॅट्रिक झालेला शाळामास्तर, असे दोनदा सांगून पाहिले. मग नाद सोडला. त्याच्याच खटपटीने ८ ऑक्टोबरच्या सामन्याची तिकिटे मिळाली व जावई, नातू आणि मी असे तिघे गेलो. पाहुणा संघ बाल्टिमोरचा होता.

ह्या खेळास ते फुटबॉल म्हणतात. पायाशी त्याचा संबंध क्वचित येतो. चेंडू दोन्हीकडे निमुळता. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू हाती असलेल्या पक्षाने चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकावयाचे, न सरकल्यास चेंडू दुसऱ्याचा. आपल्या हुतूतूत एक गडी सातांवर चालून जातो. येथे भिंतीवर भिंत आदळते. प्रत्येक डावाच्या आरंभी मधला गडी ओणवा होऊन चेंडू दोन पायांतून मागे देतो, आणि देतो न देतो तोच समोरच्या दहा मणांच्या देहाशी मस्तकाने टक्कर घेतो. हा आवाज वरच्या रांगांपर्यंत येतो. मला तो आवाज ओळखीचा वाटला, पण कोठला ते तेव्हा आठवेना.

दुसऱ्या प्रहरी कधीतरी एक गडी पडला तो उठेना. क्षणार्धात अडुसष्ट हजारांचा गलबला थांबला. इतकी शांतता मी मोठ्या कीर्तनातही अनुभवलेली नाही. मग तो उठून बसला, सर्वांनी टाळ्या वाजविल्या आणि त्याला बाजूच्या एका लहानशा निळ्या तंबूत नेले. त्या तंबूत वैद्य त्याचे डोके ठिकाणावर आहे की नाही हे तपासतात, असे जावयांनी सांगितले. संघांशी संबंध नसलेला एक मज्जातंतूंचा वैद्य प्रत्येक सामन्यास हजर असतो. एवढी दक्षता पाहून मी प्रसन्न झालो. यजमान संघ १७ विरुद्ध १० असा जिंकला आणि आमच्या भोवतीचे पिवळे पंचे बराच वेळ फिरत राहिले.

त्या संध्याकाळी शेजारी ओसरीवर येऊन बसला. विजयाचा आनंद एका पेल्यात आटोपून तो जुन्या अन्यायांकडे वळला. मॅसॅच्युसेट्स प्रांताचा जो 'पेट्रियट्स' नावाचा संघ, त्याने २००२ व २००५ सालच्या जानेवारीत ह्याच क्रीडांगणावर येऊन स्टीलर्सना हरविले आणि दोन्ही वेळा पुढे अजिंक्यपद नेले. पुढे ९ सप्टेंबर २००७ रोजी न्यूयॉर्कच्या संघाशी खेळताना त्या पेट्रियट्सचा एक माणूस प्रतिपक्षाच्या गुप्त हस्तसंकेतांचे चित्रण करताना पकडला गेला. मुख्य शिक्षकास पाच लक्ष डॉलर व संघास अडीच लक्ष डॉलर दंड झाला. हे चित्रण वर्षानुवर्षे चालू होते असे निघाले. परंतु जप्त केलेल्या चित्रफिती खेळाच्या संघटनेने स्वतःच नष्ट करून टाकल्या! पेनसिल्वेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर ह्यांनी २००८ साली ह्याचा जाब विचारला. आमच्या शेजाऱ्याचा आवाज येथे कापू लागला. "प्रोफेसर, चोर निर्दोष असता तर पुरावा कोणी जाळला असता?" त्या फितींमुळेच ते दोन सामने गेले असे कोठे सिद्ध झालेले नाही, हे मला जावयांनी हळूच सांगितले. मी ते शेजाऱ्यास सांगण्याचे धाडस केले नाही.

मग चेंडूतील हवेचे प्रकरण निघाले. नियमाप्रमाणे चेंडूतील दाब साडेबारा ते साडेतेरा पौंड असावा लागतो. दाब थोडा कमी असला तर चेंडू हातात चांगला बसतो. १८ जानेवारी २०१५ रोजी ह्याच पेट्रियट्सचे चेंडू मध्यंतरात मोजता मऊ निघाले. सामना त्यांनी ४५ विरुद्ध ७ असा जिंकला. त्यांपैकी २८ गुण चेंडू पुन्हा फुगविल्यानंतरच्या उत्तरार्धातले, तेव्हा हवा काढून फायदा तो काय झाला, हे एक कोडेच आहे. तरी संघटनेने वकील नेमून २४३ पृष्ठांचा अहवाल करविला. चेंडू सांभाळणारा नोकर मैदानावर जाताना स्नानगृहात शंभर सेकंद कशासाठी थांबला, येथपर्यंत त्यात चिकित्सा आहे. थंडीने हवा आकुंचन पावते हा पदार्थविज्ञानाचा नियम घेऊन विद्यापीठांतील पंडित दोन्ही बाजूंनी भांडले. टॉम ब्रॅडी नावाच्या प्रख्यात खेळाडूस चार सामन्यांची बंदी, संघास दहा लक्ष डॉलर दंड, मग न्यायालय, मग वरिष्ठ न्यायालय. २०१६ साल उजाडले तेव्हा कोठे हा खटला संपला. आमच्या मंडळींना हे सारे भाषांतर करून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकी पाने एका चेंडूतल्या हवेवर? मग माणसाच्या डोक्यावर किती लिहिली असतील!"

हे त्या सहज बोलून गेल्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी नातवास त्याच्या सदऱ्यांविषयी विचारीत असता, ५२ क्रमांकाचा सदरा कोणाचा म्हणून बोलणे निघाले आणि जावयांनी मला माइक वेब्स्टर ह्याची कथा सांगितली. त्या कथेने माझी झोप उडविली. आठवड्याच्या मध्यास मी एकटाच शहरात गेलो आणि क्रीडांगणापासून पूल ओलांडून चालत चालत, वाटेत लोकांस विचारीत, फोर्थ ॲव्हेन्यूच्या टोकाशी असलेल्या एका काळसर दगडी इमारतीपाशी पोहोचलो. मला चालण्यास पाऊण तास लागला. ही परगण्याची जुनी शवागार-इमारत. १९०३ च्या सुमाराची, छोट्या गढीसारखी दिसणारी. १९२९ साली तिची जागा दुसऱ्या कचेरीस हवी म्हणून ती आख्खी उचलून बाजूस सरकविली होती. २००९ पासून शवपरीक्षा दुसरीकडे होतात. परंतु २००२ च्या सप्टेंबरात वेब्स्टरचे प्रेत ह्याच घरात टेबलावर होते.

हा वेब्स्टर तोच मधला गडी, ओणवा होऊन चेंडू मागे देणारा व मस्तकाने टक्कर घेणारा. तो १९७४ पासून १९९० पर्यंत सतरा हंगाम, २४५ सामने खेळला. चारही अजिंक्यपदांत तो होता. त्यास 'लोखंडी माइक' म्हणत. खेळ सोडल्यावर त्याची वाताहत झाली. संसार मोडला, पैसा गेला, तो आपल्या मालमोटारीत किंवा रेल्वेच्या स्थानकावर झोपू लागला. झोप येईना म्हणून विजेचा झटका देणारे शस्त्र स्वतःच्या अंगास लावून बेशुद्ध होई. गळणारे दात डिंकाने चिकटवी. २४ सप्टेंबर २००२ रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने तो वारला.

शवपरीक्षा करणारा वैद्य बेनेट ओमालू हा नायजेरिया देशातून आलेला सुमारे चौतीस वर्षांचा तरुण. त्यास ह्या खेळाची यत्किंचितही गोडी नव्हती, त्याला नियमही येत नव्हते. मला वाटते, हेच त्याच्या उपयोगी पडले; सगळे शहर जेथे देव पाहत होते तेथे त्याने देह पाहिला. मेंदू बाहेरून अगदी निरोगी दिसत होता. काम तेथेच संपावयाचे. पण ज्या माणसाची अशी दुर्दशा झाली त्याचा मेंदू निरोगी कसा, ह्या एका शंकेपायी त्याने तो ठेवून घेतला, त्याचे पातळ काप करविले आणि त्या तपासण्यांचा खर्च स्वतःच्या पदरचा केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यास 'टाऊ' नावाच्या प्रथिनाचे तपकिरी गुंते दिसले, पन्नाशीच्या माणसात ज्यांची मुळीच अपेक्षा नसावी असे. वारंवारच्या आघातांनी मुष्टियोद्ध्यांचा मेंदू बिघडतो, हे वैद्यकास १९२८ पासून माहीत होते. फुटबॉल खेळणाराचाही बिघडतो, हे प्रथम ह्याने दाखविले. २००५ च्या जुलैत मेंदूच्या शस्त्रक्रियेविषयीच्या एका मान्यवर नियतकालिकात त्याचा निबंध प्रसिद्ध झाला.

आमच्या मंडळींनी येथे एक शंका काढली. एवढे जाड शिरस्त्राण घालूनही डोके बिघडते कसे? नातवाच्या शाळेच्या पुस्तिकेत उत्तर होते ते मी वाचून दाखविले. त्यापेक्षा चांगले उत्तर त्यांनीच आपल्या सामानात शोधले. पुण्याहून कापसात गुंडाळून आणलेली लोणच्याची बरणी सुखरूप आली होती, तीस चराही गेला नव्हता. आतल्या फोडींचा मात्र लगदा झाला होता.

ओमालूस वाटले होते, संघटना आपले आभार मानील. संघटनेने १९९४ सालापासून डोक्याच्या दुखापतींवर एक वैद्यकीय समिती नेमलेली होती. तिचा अध्यक्ष मेंदूचा नव्हे, सांध्यांच्या रोगांचा वैद्य. ही समिती निबंधामागून निबंध प्रसिद्ध करून सांगत होती की, असल्या आघातांनी खेळाडूंची कायमची हानी होत नाही. समितीच्या तिघा वैद्यांनी नियतकालिकास लिहिले की, ओमालूचा निबंध मागे घेण्यात यावा. तो मागे घेतला गेला नाही. दरम्यान टेरी लाँग हा स्टीलर्सचाच दुसरा खेळाडू २००५ साली विष पिऊन मेला. त्याच्या मेंदूत तेच गुंते. २००६ साली फिलाडेल्फियाचा अँड्रे वॉटर्स, तेच. २०११ साली शिकागोचा डेव्ह ड्यूअरसन ह्याने आपल्या छातीत गोळी झाडून घेतली. मस्तकात नव्हे, कारण आपला मेंदू तपासावा असे त्याने लिहून ठेवले होते. ते वाक्य मी ज्या दिवशी वाचले त्या दिवशी जेवणावर वासना राहिली नाही.

परंतु ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक राग आला ती ह्याहून निराळी आहे, आणि ती कागदाची आहे. खेडेगावात सावकाराच्या दोन वह्या असत, एक दाखवावयाची व एक ठेवावयाची, हे आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. संघटनेच्याही दोन वह्या होत्या. एकीकडे समिती, कायमची हानी होतच नाही, असे म्हणत होती. आणि दुसरीकडे त्याच खेळाच्या निवृत्तिवेतन-मंडळाने १९९९ सालीच वेब्स्टरला कायमचा अपंग ठरवून, ते अपंगत्व खेळातील डोक्याच्या आघातांनी आले, असे लेखी मान्य केलेले होते! पुढे ते अपंगत्व नेमके कोणत्या तारखेपासून धरावयाचे ह्यावर त्याच मंडळाने घासाघीस केली. त्याच्या वारसांना न्यायालयात जावे लागले. २००६ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तोपर्यंत त्यास मरून चार वर्षे झाली होती. अश्वत्थाम्याविषयी अर्धेच सत्य बोलल्याबद्दल धर्मराजाचा रथ भूमीस टेकला, असे व्यास सांगतात. ह्या लोकांचा रथ २००९ साली प्रतिनिधिसभेपुढे चौकशी झाली तेव्हा जरासा डगमगला, आणि फुटबॉलचा व ह्या मेंदूविकाराचा संबंध आहे, असे संघटनेच्या अधिकाऱ्याच्या तोंडून स्पष्टपणे निघण्यास २०१६ चा मार्च महिना उजाडला.

हजारो निवृत्त खेळाडूंनी फिर्याद केली. २०१३ साली ७६ कोटी ५० लक्ष डॉलरांची तडजोड ठरली. न्यायाधीशांना ती अपुरी वाटल्यावर मर्यादा काढून टाकण्यात आली व २०१५ साली तिला मंजुरी मिळाली. तीतही एक काळे कलम निघाले. बुद्धीचा ऱ्हास किती झाला हे ठरविताना कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी होती, असे गृहीत धरण्याची पद्धत होती, म्हणजे त्यांचा ऱ्हास आपोआप कमी भरे! त्याविरुद्ध २०२० साली जे दोघे न्यायालयात गेले ते दोघेही ह्याच स्टीलर्सचे माजी खेळाडू. पुढील दोन वर्षांत ती पद्धत बंद झाली. येथे मला टीका करवत नाही. आपल्याकडे जन्मावरून बुद्धी मोजणारांची परंपरा फार जुनी आहे आणि तिचे फायदे आमच्या घराण्यांनीही घेतले आहेत.

बॉस्टन विद्यापीठाने २०१७ साली ह्या खेळातील १११ व्यावसायिक खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांपैकी ११० मध्ये हा विकार आढळला. ज्यांच्या घरी आधीच शंका होती अशाच कुटुंबांनी बहुधा ते मेंदू दिले, तेव्हा शंभरांतील नव्याण्णव खेळाडू रोगी, असा हिशेब त्यावरून करता येत नाही. तथापि आकडा लहान नव्हे. शिवाय हा विकार निश्चितपणे ओळखावयाचा तो मरणोत्तरच.

पुढल्या रविवारी शेजारी पुन्हा ओसरीवर आला, तेव्हा मी त्यास न्यू ऑर्लीन्सच्या संघाविषयी विचारले. त्या संघात २००९ पासून तीन हंगाम एक गुप्त निधी चालू होता. प्रतिपक्षाचा गडी उचलून नेण्याजोगा जायबंदी केल्यास एक हजार डॉलर, सामन्यातून कायमचा बाद केल्यास दीड हजार! २०१२ साली हे उघडकीस आले, मुख्य शिक्षकास वर्षभर घरी बसविले. शेजारी खांदे उडवून म्हणाला, "असले सर्वत्र चाले." चित्रफितींवर आवाज कापणारा माणूस तो हाच! मी म्हटले, तुमच्याच स्टीव्ह कोर्सनने बलवर्धक औषधे घेतल्याचे १९८५ साली जाहीरपणे कबूल केले होते ना? त्यावर तो नुसता हसला.

मला तेव्हा बलरामाची आठवण झाली. कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य मेले, तोवर तो तीर्थयात्रा करीत होता. परत आला तो गदायुद्ध पाहण्यास, आणि भीमाने मांडीवर गदा मारली तेव्हा नांगर उगारून धावला. संहाराने त्यास क्रोध आला नाही. नियम मोडला म्हणून आला. लहानपणापासून ही कथा शिकवीत आलो, त्यात काही विचित्र आहे असे मला कधी वाटले नव्हते.

वेब्स्टरचे नाव काढताच मात्र शेजारी गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "प्रोफेसर, त्याच्या त्या टकरींना सर्वांत मोठ्याने ओरडणारा मीच असे." आणि उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्याकडे सफरचंदांची टोपली पाठविली. पण पुन्हा ओसरीवर बसावयास तो चार-पाच दिवस आला नाही.

आता तो आवाज मला कोठला ओळखीचा वाटला ते सांगतो. १९८९ साली आमच्या शाळेचा हुतूतूचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता आणि मी संघाबरोबर होतो. आमचा उत्तम गडी, इयत्ता नववीतला, पकडीत उलटा आपटला. डोके वाळलेल्या जमिनीवर आदळले. तो आवाज. मी पाणी मारले, कांदा हुंगविला. "गुरुजी, दोन-दोन दिसतात," असे तो म्हणाला. मी म्हटले, "मग दोघांनाही बाद कर," आणि त्यास आत पाठविले. सगळे हसले. सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला. रात्री परतीच्या गाडीत त्यास तीनदा वांती झाली, ती मिठाईवर ढकलली. पंधरा दिवस तो शाळेत आला नाही. नंतर त्याचे वडील मजपाशी आले, ते रागावण्यास नव्हे, पोराचे नाव झाले म्हणून हात जोडावयास. त्या मुलाचे पुढे काही वाईट झाले नाही. तो आज आपल्या पायावर उभा आहे. ह्यात माझ्या शहाणपणाचा भाग काही नाही. आणि माझा तो विनोद शाळेत पुढे कित्येक वर्षे सांगितला जात असे. बहुतेक वेळा मीच सांगत असे.

ही हकीकत मी कन्येस व जावयांस प्रथमच सांगितली, कारण घरात एक कागद सहीसाठी पडून होता. नातवास पुढील हंगामी शाळेच्या फुटबॉल-संघात जावयाचे होते. पेनसिल्वेनियात २०१२ पासून असा कायदा अमलात आहे की, डोक्यास आघात झाल्याची शंका आलेल्या मुलास शिक्षकाने खेळातून काढलेच पाहिजे व वैद्याच्या लेखी अनुज्ञेवाचून परत घेऊ नये. आणि ह्या धोक्याची माहिती वाचल्याची सही आईबापांनी दरवर्षी केली पाहिजे. कन्या सही करीना. जावयांचे म्हणणे, त्याचे सारे सोबती खेळणार, हा एकटाच बाजूस बसला तर त्याचेही काही बिघडेलच. दोघांचेही मला पटत होते. "बाबा, तुम्ही काय ते सांगा," असे कन्या म्हणाली. मी वडीलकीचा निर्णय द्यावयाचे टाळले आणि वरील हकीकत सांगितली. नातू जिन्यावर बसून ऐकत होता हे मागाहून कळले.

त्याच आठवड्यात, १६ ऑक्टोबरला, एक मौज झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक आपल्या मुंबईत भरली होती आणि तीत २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील सामन्यांत क्रिकेटबरोबर 'फ्लॅग फुटबॉल' घेण्याचे ठरले. ह्या प्रकारात अंगावर कोसळावयाचे नसते. कमरेच्या पट्ट्यास लोंबणारी फडकी ओढून काढली की गडी बाद. आमच्याकडे लहान मुले पाठीस रुमाल खोचून खेळतात, तशातला प्रकार. नातू धावत आला. "आजोबा, तुमच्या मुंबईत ठरलं!" जणू मीच ठरावास अनुमोदन दिले होते. आम्ही नोव्हेंबरात परत निघालो तेव्हा तो कागद शीतपेटीच्या दारावर लोहचुंबकाखाली तसाच होता, सही नसलेला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात फोनवर नातू बोलला. तो फडक्यांचा फुटबॉल खेळू लागला आहे. पहिल्याच सामन्यात कोणाशी तरी डोक्याला डोके लागले. ह्याला काहीच झाले नव्हते, असे त्याचे म्हणणे, पण शिक्षकाने बाहेर बसविले ते सामना संपेपर्यंत आत सोडले नाही, आणि संघ एका गुणाने हरला. तो फार चिडलेला होता. त्या शिक्षकास माझा नमस्कार सांग, असे मी म्हटले. त्याने तो सांगितला की नाही, ठाऊक नाही.